लेखणीची मजुरी ठरवा, पण कागदावर ठरवा



पऱ्हाटीच्या बियाण्याची पिशवी हातात घेऊन जरा निरखून पाहा. बोंडांनी लदलेल्या झाडाचे चित्र, त्याखाली मोठ्या अक्षरांत दोन जोरदार ओळी. तणनाशकाच्या बाटलीसोबत येणारे पत्रक बघा, बस स्टँडवरच्या भिंतीवरची ट्रॅक्टरची जाहिरात बघा. प्रत्येक ओळ कोणीतरी बसून लिहिलेली आहे आणि लिहिणाऱ्याने त्याचे पैसे घेतलेले आहेत. ते पैसे कोणी दिले? वरवर पाहता कंपनीने. पण कंपनी काही धर्मादाय संस्था नाही. जाहिरातीचा खर्च ती मालाच्या किमतीतूनच काढते. म्हणजे जाहिरात लिहिणाऱ्याची मजुरी कास्तकार वर्षानुवर्षे भरत आला आहे. फक्त तो लिहिणारा कास्तकाराचा नाही.

याचा परिणाम काय होतो ते आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात दिसले. २००८ साली एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांवर पानभर मजकूर छापला. बीटी कापसाने ही गावे कशी सुखी झाली, अशी ती कहाणी. २०११ साली तीच कहाणी पुन्हा पानभर छापून आली, पण या खेपेला पैसे मोजून छापलेला मजकूर म्हणून. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१२ साली हा प्रकार उघड केला. गावातल्या लोकांचे म्हणणे त्या पानावरच्या कहाणीपेक्षा अगदी वेगळे होते. बियाणे चांगले की वाईट हा वाद येथे नाही. तो शेतात ठरेल आणि ज्याचा त्याने ठरवावा. प्रश्न एवढाच की गाव आपले, शेत आपले, नाव आपले. मजकूर मात्र दुसऱ्याचा, आणि छापण्यापूर्वी गावाला वाचून दाखवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आता आपल्यालाच लिहिणारा लागणार आहे

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांना वाट मोकळी झाली. दहा उत्पादक एकत्र आले की कंपनी उभी राहते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उत्पादक कंपन्या आहेत, बचत गट आहेत, वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आहेत. ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, जवसाचे तेल, मध, मोहफूल असा माल पाकिटात भरून विकण्याची खटपट सुरू आहे. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले आणि ज्या ज्वारीला शहरवाला गरिबाचे धान्य म्हणून नाक मुरडत होता, तीच ज्वारी तो आता दुकानात मागू लागला.

पण पाकीट कोरे ठेवून चालत नाही. त्यावर नाव लागते, चार ओळी लागतात. दुकानदाराला द्यायला पत्रक लागते. ग्रामसभेला बांबू किंवा तेंदूपत्ता विकायचा तर जाहीर निविदा लिहावी लागते. शहरात अशा लिहून देणाऱ्याला कॉपीरायटर म्हणतात, आणि तो पगारी नोकर नसून कामापुरता घेतलेला असला तर फ्रीलान्स म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर सालदार नव्हे, उक्ते काम घेणारा.

हे काम करून घेताना आपल्या संस्था दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे अध्यक्षांचा पुतण्या कॉलेजात शिकतो, त्याच्याकडून फुकट लिहून घ्यायचे. फुकटच्या कामाला तारीख नसते, जबाबदारी नसते आणि काम बिघडले तरी तक्रार करायची सोय नसते. दुसरे टोक म्हणजे अनुदान आले म्हणून मोठ्या शहरातली एजन्सी गाठायची आणि पीठ विकायच्या आधीच भांडवल जाहिरातीत घालायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. दोन्ही टोकांना दुखणे एकच: कामाचा हिशेब कोणी मांडलेला नसतो.

मजुरीचा हिशेब कसा मांडावा

आपण भाव मागतो तो कशाच्या आधारावर? उत्पादन खर्चाच्या. नांगरणी, वखरणी, बियाणे, खत, डवरणी, निंदण, फवारणी, वेचणी, घरच्या माणसांची मजुरी, सगळे धरून क्विंटलमागे किती पडले ते काढतो आणि त्याखाली भाव मिळाला तर लूट म्हणतो. मग लिहिणाऱ्यासमोर बसल्यावर ‘दोन ओळींचे एवढे पैसे?’ असे आपणच विचारावे काय? घामाचे दाम मागणाऱ्याने दुसऱ्याच्या घामाचा हिशेब आधी समजून घेतला पाहिजे.

समजा, ज्वारीच्या पिठाच्या पाकिटाचा मजकूर आणि एक पानी पत्रक लिहून घ्यायचे आहे. लिहिणारा एक दिवस गावात येईल, चक्की पाहील, पीठ करणाऱ्या बायांशी बोलेल. दोन दिवस लिहील. एक दिवस दुरुस्त्यांत जाईल. झाले चार दिवस. त्याला महिन्याला घरखर्च, वीज, इंटरनेट, संगणकाची झीज आणि प्रवास धरून समजा ३०,००० रुपये लागतात. महिन्याचे सगळे दिवस काही त्याला काम नसते. बैलजोडी वर्षातून थोडेच दिवस औताला जुंपली जाते, वैरण मात्र रोज खाते. तसेच याचे. महिन्यात १५ दिवस काम मिळाले तर दिवसाचे २,००० रुपये पडले. चार दिवसांचे ८,००० आणि जाण्यायेण्याचे भाडे वेगळे. हे आकडे बाजारभाव म्हणून घेऊ नका, ही हिशेबाची रीत आहे. आपापले आकडे घालून ती मांडा.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. ४,००० पाकिटे विकली तर ८,००० रुपयांचा भार पाकिटामागे २ रुपये. १०,००० विकली तर ८० पैसे. पण तुमची कुवत ५०० पाकिटांची असेल तर पाकिटामागे १६ रुपये पडतील. मग एवढे काम घेऊच नका. फक्त पाकिटावरच्या ओळी लिहून घ्या, पत्रक पुढच्या वर्षी. मजुरी पाडण्यापेक्षा काम कमी करणे केव्हाही बरे.

दर कशावर ठरवायचा, हाही वादाचा विषय होतो. कोणी शब्दावर मागतो, कोणी तासावर, कोणी कामावर. आपल्याला यात नवे काही नाही. वेचणी आपण किलोवर देतो, नांगरणी एकरावर देतो आणि वर्षभराच्या कामाला सालदार ठेवतो. वेचणी एकरावर दिली तर भांडण होईल. लिहिण्याचेही तसेच. लांब पुस्तिका किंवा भाषांतर असेल तर शब्दावर दर ठीक. पाकिटावरचे चाळीस शब्द असतील तर उक्ते ठरवा, कारण थोडक्यात लिहायला जास्त बसावे लागते. दर महिन्याला काही ना काही लागणार असेल तर महिन्याचा आकडा आणि त्या महिन्यात किती कामे, हे दोन्ही ठरवा. आणि कोणी म्हणाला की मजुरी नको, विक्रीवर टक्केवारी द्या, तर सावध व्हा. ती टक्केवारी किती वर्षे, कोणत्या विक्रीवर, हिशेब कोण तपासणार? अडत भरण्याची हौस आपल्याला अजून फिटली नाही काय?

कागदावर काय लिहावे

तोंडी ठरावाचे शेवटी बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात होते. एक पानाचा साधा करार पुरतो. त्यात या गोष्टी असाव्यात.

काम नेमके काय: पाकिटाच्या दोन बाजू, एक पत्रक, मराठीत की हिंदीतही. गडचिरोलीत गोंडी-माडियात सांगायचे असेल किंवा सिरोंचा-राजुऱ्याकडून तेलंगणात माल जाणार असेल आणि तेलुगू लागत असेल, तर त्याचा माणूस वेगळा आणि मजुरीही वेगळी. मराठी मजकुराच्या दरात तीन भाषा मागणे म्हणजे एका पोत्याच्या पैशात तीन पोती मागणे.

तारीख दोन्ही बाजूंची: त्याने पहिला मसुदा कधी द्यायचा आणि आपण किती दिवसांत मत द्यायचे. संचालक मंडळाची बैठक लांबली म्हणून काम रखडले तर तो दोष लिहिणाऱ्याचा नाही.

दुरुस्त्या किती वेळा: दोन खेपा मजुरीत धरा. त्यापुढे वेगळे पैसे. आणि दुरुस्ती सांगणारा एकच माणूस नेमा. अकरा संचालकांनी अकरा फोन केले तर मजकुराची खिचडी होते आणि ती कोणालाच आवडत नाही.

पैसे कधी: थोडी इसारत आधी, उरलेले मजकूर मान्य झाल्यावर ठरलेल्या दिवसांत. काम मध्येच थांबवले तर झालेल्या कामाचे किती, हेही लिहा. चुकारा अडकला की घरात काय होते हे कापूस एकाधिकार खरेदीचे दिवस पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपेक्षा जास्त थकवता येत नाहीत. थकवले तर चढे व्याज लागते. लिहिणाऱ्याने अशी नोंदणी केलेली असू शकते. ‘अनुदान आल्यावर देऊ’ हे उत्तर तेथे चालणार नाही.

कर: सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसलेल्याने बिलात जीएसटी लावायचा नसतो. नोंदणी क्रमांक मागून घ्या. उद्गम कर कधी कापायचा ते आपल्या हिशेबनिसाला आधी विचारा, वर्षाअखेरीस नको.

मजकूर कोणाचा: येथे पुष्कळ संस्था फसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सालदार आणि उक्तेवाला हा भेद स्पष्ट आहे. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिले तर, वेगळे ठरले नसल्यास, हक्क मालकाचा. उक्ते काम करणाऱ्याने लिहिले तर पैसे दिले तरी हक्क पहिल्याने त्याचाच राहतो. तो आपल्याकडे यायला सहीचा लेखी कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षेच धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरला जातो. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, कागदात तसे वेगळे लिहिलेले नसल्यास, तो परत जातो. म्हणून कोणता हक्क, किती वर्षे आणि कोठे, हे तिन्ही लिहून घ्या. पाकिटावरच्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद करताना ती कंपनीच्या नावे करा. लिहिणाऱ्याच्याही नको आणि अध्यक्षांच्याही नको.

खोट्या ओळीचा दंड कोणाला

आपली जबाबदारी येथे सर्वांत मोठी आहे. जाहिरात लिहिणाऱ्याची बोटे शिवशिवतात. ज्वारी म्हटली की ‘मधुमेह बरा करणारी’, मध म्हटला की ‘शंभर रोगांवर एक उपाय’. अन्नपदार्थाने रोग बरा होतो असा दावा पाकिटावर किंवा जाहिरातीत करण्याला अन्न सुरक्षा नियमांची मनाई आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. उत्पादक कंपनीचे भागभांडवल किती असते? एका ओळीत ते सगळे जाऊ शकते.

‘ग्लुटेनमुक्त’ हा शब्दही असाच. ज्वारीत ग्लुटेन नसते हे खरे. पण त्याच चक्कीवर सकाळी गहू दळला असेल तर पिठात ते येते, आणि तपासणीत ते ठरलेल्या मर्यादेच्या आत निघाल्याशिवाय हा शब्द छापता येत नाही. ‘सेंद्रिय’ छापून दुकानांतून विकायचे तर एनपीओपी किंवा पीजीएस-इंडियाचे प्रमाणपत्र लागते. ‘आमच्या रानात कधी खत पडलेच नाही’ एवढे तोंडी सांगणे तेथे पुरत नाही. याशिवाय मालाचे नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत, कंपनीचे नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक ही माहिती आधी जागेवर बसवावी लागते. लिहिणाऱ्याला ओळी लिहायला जागा मिळते ती त्यानंतर.

म्हणून करारात दोन वाक्ये घाला. मालाबद्दलची माहिती खरी असल्याची जबाबदारी कंपनीची. कंपनीने न सांगितलेला कोणताही दावा मजकुरात न घालण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची. दोघांच्याही मानेवर जू समान राहते.

आता मोबाईलवर क्षणात मजकूर लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. ‘मग पैसे द्यायचेच कशाला?’ असा प्रश्न बैठकीत येतोच. यंत्र वापरू नये असे नाही. पण त्याने तुमची चक्की पाहिलेली नाही. कोरपना-जिवतीच्या बरड्या रानातली ज्वारी आणि दुसरीकडची ज्वारी यात चवीचा काय फरक, हे कोणी सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. मग ते जगभर चालणारी गोड वाक्ये जोडून देते, आणि त्यात ‘मधुमेह बरा’ हेही सहज येऊन बसू शकते. यंत्राला दंड होत नाही, कंपनीला होतो. लिहिणारा यंत्र वापरणार असेल तर त्याने तसे आधी सांगावे, प्रत्येक दावा स्वतः तपासावा, आणि दर त्याप्रमाणे ठरावा.

लेखणी हातची जाऊ देऊ नका

दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवण्याचे मोल शेतकऱ्याने पुष्कळ दिले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो दख्खनमध्ये पसरला. त्यांनी आधी हात घातला तो कर्जरोख्यांना. रोखे हिसकावले आणि जाळले. कारण रोखा लिहिणारा सावकाराचा होता आणि अंगठा तेवढा शेतकऱ्याचा. सरकारला हे कळले म्हणून १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकाने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहावा अशी तरतूद आली. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, त्यामुळे तो कायदा येथे नव्हता. पण शिकवण येथेही लागू आहे. कागद कोण लिहितो आणि सही करणाऱ्याला तो कोण समजावून सांगतो, यावर पुढचे सगळे ठरते.

उलट उदाहरणही आपल्याच भागात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्या गावाची रीत अशी की प्रश्नाचा आधी अभ्यासगटात अभ्यास करायचा आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घ्यायचा. बाहेरचे जाणकार तेथे आले, त्यांनी मदत केली, पण निर्णय गावाचा राहिला. लिहिणाऱ्याशी वागायची रीत याहून वेगळी कशाला हवी? शब्द त्याचे असू देत, म्हणणे आपले पाहिजे.

जिल्हा बैठकीपुढे म्हणून तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक उत्पादक कंपनीने आणि गटाने लिहून घेण्याच्या कामासाठी एक पानी कराराचा नमुना पुढच्या बैठकीला आणावा. सगळे नमुने एकत्र वाचून जिल्ह्याचा एक नमुना करू. दुसरी, कोणता लिहिणारा कोणत्या कामाचे किती घेतो, तारखेला देतो की नाही, आणि आपल्या कोणत्या संस्थेने त्याचे पैसे किती दिवसांत दिले, याची वही तालुक्याला ठेवावी. वहीत दोन्ही बाजूंची नोंद हवी. तिसरी, कोणताही मजकूर छापायला देण्यापूर्वी तो माल तयार करणाऱ्या बायांपुढे मोठ्याने वाचून दाखवावा. ज्या बाईने ती ज्वारी निवडली, दळली, चाळली, ती ऐकताना म्हणाली की ‘हे खरं नाही बाप्पा’, तर ती ओळ तेथेच खोडावी. लिहिणारा कितीही मोठा असो आणि त्याने त्या ओळीचे कितीही घेतलेले असोत.